नवी उचल काढून जुनी बाकी फिटते का?



चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, कुठल्याही पाड्यावर जा, एकच विचारणा: सावकाराचं फेडायला फायनान्सवाल्यांचं गटकर्ज काढू का? आधी हिशोब बघू. शेकडा 5 ने 10,000 घेतले, तर नुसतं व्याजच महिन्याला 500. वर्षाचे 6,000 भरायला तेवढ्याच भावाने दुसरीकडून उचलले, की अंगावर 16,000 आणि महिन्याला 800. मुद्दल जागचं हललंच नाही. ऊसतोडीचंही तेच. मुकादमाची बाकी उरते, बाकीपायी पुढच्या सालीही कोयता उचलावा लागतो.

शहादा तेव्हा आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. कर्जापायी तिथे जमिनी गेल्या, जमीनमालक होते ते सालदार झाले. 1972 ला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना लढली, तेव्हा मागणी जमिनीची आणि मजुरीची होती, कर्जाची नव्हे. पुढे जमिनी परत करायचा 1974 चा कायदा आला, 1976 ला वेठबिगारी बंदीचा.

बँकेचं कमी व्याजाचं कर्ज मिळत असेल आणि त्याच दिवशी जुनी चिठ्ठी फाडून हातात येत असेल, तर घ्या, आम्ही नको म्हणत नाही. चिठ्ठी सावकाराकडेच राहिली तर कर्जं दोन झाली. वनपट्टा मात्र कुणाकडे ठेवायचा नाही. 2006 च्या कायद्याने तो विकता येत नाही, वारसालाच जातो. बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे होते. पुढच्या बैठकीला चिठ्ठ्या, पासबुकं घेऊन या, मिळून वाचू.