आधी श्रद्धा, मग आकडा

चर्चचं बांधकाम निघालं की घरोघरी पाकीट येतं आणि आपली नजर शेजारणीच्या आकड्याकडे जाते.

वसई किल्ल्यातल्या बहुतेक जुन्या चर्चना आज छप्पर नाही. १७३९ साली पोर्तुगीज वसईतून गेले, तरी गावोगावची प्रार्थना चालूच राहिली. भिंती पडल्या, श्रद्धा टिकली.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दोनच नाणी टाकली. येशूने तिचं दान सर्वांत मोठं मानलं. ती नाणी तिची स्वतःची होती, उसनी नव्हती.

म्हणून आधी प्रार्थना करा, घरात बोला, मग आकडा लिहा. बचत गटाचं कर्ज काढून किंवा पोरांची फी थकवून देऊ नका. पैसे नसतील तर एक दिवस कामाला या. आणि यादी वाचणाऱ्या बायांनो, कमी देणारीची मान खाली जाऊ देऊ नका.