गेव्याचा चीक आणि आपले डोळे

रीलमधलं ते 'मृत्यूचं झाड' पाहिलंय ना? ते मँचिनील, तिकडं कॅरिबियन किनाऱ्यावरचं. पण त्याच्याच कुळातला, म्हणजे एरंडाच्या कुळातला, गेवा आपल्या कोकणातल्या खाड्यांत आहे. गारगोटीची आपली पोरं फोंडा घाट उतरून मालवणला जातात, त्या किनाऱ्यावरच्या कांदळवनात.

झाड साधंच दिसतं, काटेसुद्धा नाहीत. पण फांदी मोडली की पांढरा चीक येतो. कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. बिब्बा उतल्यासारखं समजा. डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं. शास्त्रीय नाव एक्सोकॅरिया. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच आंधळं करणं! लाकूड जाळलं तर धूरही झोंबतो, म्हणून शेकोटीला नको.

डोळ्यांत चीक गेलाच तर चोळू नका. लेन्स असेल तर काढा. स्वच्छ पाण्यानं 15-20 मिनिटं डोळे धुवा आणि थेट डॉक्टरकडं जा. यूट्यूबवर उपाय शोधत बसू नका.

आणि हो, घाबरून झाड तोडायचं नाही. कांदळवन किनारा सांभाळतं, माशांची पिल्लं वाढवतं. फोटो काढा की, फक्त फांदी ओढू नका.