वाजवणाऱ्याच्या कानाचं काय?

मी कांदिवलीहून बोलतेय. गणपतीत आमच्या पोईसरच्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली की आपण कानांवर हात ठेवतो. पण ताशा वाजवणाऱ्याचे दोन्ही हात ताशावर असतात. त्याचे कान कोण झाकणार?

माझा थोरला भाऊ पंधरा वर्षं बँजो पार्टीत वाजवायचा. घरी आला की टीव्हीचा आवाज वाढवायचा. आम्ही हसायचो, "दादा, बहिरा झालास की काय!" कानात सारखी शिट्टी वाजते म्हणायचा, आम्ही ते थकव्यावर घातलं. मग एका हंगामात पार्टीवाल्याने सांगितलं, "तुझा ताल चुकतो, आता येऊ नकोस." हातात ना कागद, ना हिशेब. दाद तरी कुठे मागायची?

कानाचं गणित साधं आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. ढोल-ताशाच्या जवळ आवाज सहज शंभरापुढे जातो, आणि मिरवणूक चालते रात्रीपर्यंत. आतल्या कानाच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

कायदा काय म्हणतो? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे. आवाजामुळे ऐकू कमी येणं त्या यादीत आहे. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. पण भरपाई मागायची तर मालक कोण आणि काम किती दिवस केलं, हे दाखवावं लागतं. सुपारीवर वाजवणारा नेमका तिथेच अडतो.

दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. सरकारी नोकरीत असताना कुणाला दिव्यांगत्व आलं, तर त्याला कामावरून काढता येत नाही, हुद्दाही कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं.

लंडनची एक गोष्ट सांगते. रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये ख्रिस्तोफर गोल्डशायडर व्हायोला वाजवायचे. २०१२ च्या सप्टेंबरात तालमीला त्यांना तुताऱ्यांच्या अगदी पुढे बसवलं. कान कायमचे दुखावले, नोकरी सुटली. संस्था म्हणाली, संगीत म्हटलं की आवाज आलाच. २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, आवाजाचा नियम कारखान्याला आणि ऑपेरा हाऊसला एकच. २०१९ च्या अपिलातही निकाल त्यांच्याच बाजूने राहिला. आणि गंमत अशी, की त्या तालमीनंतर वादकांच्या जागा बदलल्या, तर आवाज कमी झाला. म्हणजे उपाय हाताशीच होता!

आपल्या हाताशी काय आहे? घरातलं कुणी वाजवत असेल, तर एक वही करा. तारीख, ठिकाण, किती तास, पैसे कुणी दिले, सगळं लिहा. मोबाइलवर आलेले निरोप पुसू नका. कानात शिट्टी वाजली, माणसं पुटपुटल्यासारखी वाटली, तर कान तपासून घ्या, आणि तपासणीचा कागद जपून ठेवा. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत अशी तपासणी होते. दोन्ही कानांचं ऐकणं फार कमी झालं असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा.

तुमच्या गावची पोरंही गणपतीत ढोल घेऊन मुंबईला येतात. मुलीही पथकात असतात. पुढच्या वेळी मंडळाचा माणूस वर्गणीला आला, तर गटातल्या बायकांनी एवढंच विचारा: वादकांना कानात घालायचे बोळे देणार का? दर तासाला पाळी बदलणार का? ताशेवाल्याला स्पीकरच्या तोंडाशी उभं करणार नाही ना?

आम्ही दादाला हे वेळेवर विचारलं नाही. तुम्ही विचारा.