माहितीची मांडणी

माहिती जमविणें, छापणें आणि पसरविणें यांविषयीं आपण नेहमीं ऐकतों. परंतु जमविलेली माहिती कोणत्या क्रमानें ठेवावी, तिच्या गटांना कोणतीं नांवें द्यावीं आणि शोधणाऱ्या मनुष्याला तिच्यापर्यंत कोणत्या वाटेनें जातां यावें, या प्रश्नाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. मांडणी चुकली म्हणजे असलेली माहितीही नसल्यासारखी होते. आणि तिचा तोटा ज्याला त्या माहितीची गरज सर्वांत अधिक त्यालाच सोसावा लागतो. आजच्या भाषणांत एवढीच गोष्ट आपल्या जिल्ह्यांतील उदाहरणांनीं स्पष्ट करण्याचा विचार आहे.

इंग्रजींत या विषयाला ‘इन्फर्मेशन आर्किटेक्चर’, म्हणजे माहितीची वास्तुविद्या, असें म्हणतात. रिचर्ड सॉल वुर्मन हा अमेरिकेंतील एक वास्तुविशारद. १९७६ सालीं तेथील वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय परिषदेचा तो प्रमुख असतां परिषदेचा विषयच त्यानें ‘माहितीची वास्तुरचना’ असा ठेवला. पुढें संगणकांचें जाळें जगभर पसरल्यावर १९९८ सालीं लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरव्हिल यांनीं या विद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वर्गवारी, नांवें, वाटा आणि शोधाची सोय हीं तिचीं चार अंगें त्यांनीं सांगितलीं.

वास्तुविद्येची ही उपमा मोठी समर्पक आहे. जुन्या वाड्यांत परका मनुष्य आला तर त्यानें ओसरीवर थांबावें, बैठकींत बसावें आणि माजघरांत शिरूं नये, हें त्याला कोणी सांगावें लागत नसे. घराची रचनाच तें सांगे. भिंतींचा रंग आणि दारावरची नक्षी हा भाग निराळा. मोबाईलच्या पडद्यावर आपल्याला दिसतात ते रंग, चित्रें आणि बटणें ही नक्षी होय. तिच्यामागें खोल्यांची रचना नीट नसेल तर नक्षी कितीही सुरेख असली तरी मनुष्य घरांत हरवतो.

माहिती लावण्याच्या पांच रीति वुर्मननें १९८९ च्या आपल्या ग्रंथांत सांगितल्या: स्थळाप्रमाणें, वर्णानुक्रमानें, काळाप्रमाणें, प्रकाराप्रमाणें आणि लहानमोठेपणाच्या श्रेणीप्रमाणें. यांतील तीन रीति एकाच ग्रंथसमूहांत पाहावयाच्या असतील तर वऱ्हाडाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महानुभाव मंडळींनीं आपल्या स्वामींच्या आठवणी लिहून काढण्याचें काम हातीं घेतलें. म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या सहवासांत राहिलेल्या अनुयायांना भेटून आठवणी गोळा केल्या आणि १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे भाग असून कथन सामान्यतः चरित्राच्या कालक्रमानें चालतें. परंतु आचाराविषयीं स्वामी काय म्हणाले एवढेंच ज्याला पाहावयाचें आहे, त्यानें सर्व लीळा चाळाव्या काय? केशिराजबास यांनीं लीळाचरित्रांतील स्वामींचीं वचनें वेंचून ‘सूत्रपाठ’ तयार केला आणि विचार, आचार अशा प्रकरणांत तीं लावलीं. पुढें ‘स्थानपोथी’ तयार झाली. तींत स्वामी ज्या ज्या ठिकाणीं गेले व राहिले त्या स्थानांचा वृत्तांत आहे. आठवणींचा ठेवा तोच. परंतु चरित्र वाचणाऱ्याला काळाची वाट, साधकाला विषयाची वाट आणि यात्रेकरूला स्थळाची वाट मिळाली. माहिती एकच असली तरी तिच्याकडे येणाऱ्यांचे प्रश्न अनेक असतात, हें त्या मंडळींनीं साडेसातशें वर्षांपूर्वीं ओळखलें होतें.

याच पंथांत पुढें पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊं लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना त्या वाचतां येत नव्हत्या. तें कुलूप जाणूनबुजून घातलेलें होतें. आज सार्वजनिक माहितीला कुलूप घालण्याचा कोणाचा हेतु नसतो. तथापि मांडणी करणाऱ्यानें वाचकाचा विचार केला नाहीं म्हणजे कुलूप आपोआप पडतें.

याचें रोजच्या व्यवहारांतलें उदाहरण म्हणजे आपला सातबारा. आपणांपैकीं बहुतेकांचें घर शहरांत असलें तरी मूळ गांवीं थोडेंबहुत वावर असतेंच. महाराष्ट्रांत गांवच्या महसुली दप्तराचे २१ नमुने ठरलेले आहेत. त्यांतील सातवा जमिनीवरील हक्कांचा आणि बारावा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. हा उतारा जमिनीच्या तुकड्याप्रमाणें, म्हणजे भूमापन किंवा गट क्रमांकाप्रमाणें असतो. एका खातेदाराची गांवांतील सर्व जमीन एकत्र पाहावयाची तर नमुना आठ-अ काढावा लागतो. त्या जमिनींत वेळोवेळीं कोणते बदल झाले हें सहाव्या नमुन्यांत, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहींत, अनुक्रमानें असतें. जमिनीची वाट, माणसाची वाट आणि काळाची वाट अशी ही त्रिविध रचना रिद्धपूरच्या रचनेची आठवण करून देणारी आहे. ज्यांनीं हे नमुने आंखले त्यांच्या विचाराला दोष देतां येणार नाहीं.

अडचण निराळ्या ठिकाणीं आहे. या वाटा कोठून निघतात हें पूर्वीं पटवाऱ्याला ठाऊक असे, आणि खातेदार पटवाऱ्याला विचारी. शेतकऱ्याच्या मनांत आपल्या शेताचें नांव ‘नाल्याकांठचें वावर’ असें असतें. दप्तरांत त्याच वावराला एक क्रमांक असतो. या दोन भाषांमधला दुभाषा पटवारी होता. दप्तर संगणकावर आलें, तेव्हां कागद पडद्यावर आला. दुभाष्याचें ज्ञान मात्र त्याच्याबरोबर आपोआप येत नाहीं. तें पडद्याच्या रचनेंत मुद्दाम घालावें लागतें.

समजा, बापाच्या मागें मुलानें वारसनोंद केलेली नाहीं. तो मोबाईलवर जिल्हा, तालुका व गांव निवडतो आणि स्वतःच्या नांवानें आपलें वावर शोधूं लागतो. दप्तरांत अद्यापि बापाचेंच नांव असल्यामुळें त्याला कांहींच सांपडत नाहीं. पडद्यावर ‘नोंद नाहीं’ एवढेच शब्द उमटले तर त्याच्या छातींत धस्स होईल. आपली जमीन कोणी दुसऱ्यानें नांवावर करून घेतली कीं काय, अशी शंकाही त्याला येईल. त्याच जागीं ‘या नांवानें नोंद आढळली नाहीं, जमीन पूर्वींच्या खातेदाराच्या नांवावर असूं शकेल, गट क्रमांकानें शोधा, आणि वारसनोंदीची रीत येथें पाहा’ असें लिहिलें तर तोच मनुष्य पुढच्या पायरीवर जाईल. दोन वाक्यांचाच काय तो फरक. पण एकानें मनुष्य दलालाच्या दाराशीं जातो आणि दुसऱ्यानें आपलें काम आपण करतो.

मांडणींतील लहान सुधारणेनें किती काम होतें याचा दाखला सातबाऱ्याच्या कागदावरच मिळतो. २०२० सालीं राज्य सरकारनें उताऱ्याचा नमुना सुधारला. पूर्वीं खाते क्रमांक इतर हक्कांच्या रकान्याजवळ असे, तो खातेदाराच्या नांवासमोर आणला. दोन खातेदारांच्या नांवांमध्यें रेषा आली. कमी झालेल्या नोंदींना पूर्वीं नुसता कंस असे, त्यांवर आडवी रेघ मारण्याचें ठरलें. हे बदल केवळ दिसण्याचे नव्हेत. जें ज्याचें आहे तें त्याच्या शेजारीं ठेवणें आणि जें संपलें तें संपलें असें दाखविणें, हाच मांडणीचा पहिला धडा होय.

आतां दुसरा प्रश्न: वर्ग कोणाच्या सोयीनें पाडावे? अकोल्याच्या बाजूचा कपाशीचा शेतकरी घ्या. त्याच्या पऱ्हाटीचीं पानें लाल पडलीं. त्याला आपण ‘लाल्या’ म्हणतों. पान लाल होण्याचीं कारणें अनेक असतात. मॅग्नेशियम किंवा नत्र यांची उणीव हें मृदाशास्त्राचें क्षेत्र, तुडतुड्यांचा उपद्रव हें कीटकशास्त्राचें, आणि रात्रींची थंडी हें हवामानशास्त्राचें. शास्त्रांच्या विभागांप्रमाणें माहिती लावली तर शास्त्रज्ञाला ती सोयीची होईल. शेतकऱ्याच्या हातांत मात्र फक्त एक लाल पान आहे. तें कोणत्या शास्त्राचें हें ठाऊक असतें तर त्याला विचारण्याची गरजच पडली नसती. म्हणून त्याची वाट पानापासून निघाली पाहिजे: पीक कोणतें, भाग कोणता, लक्षण कोणतें, आणि मग कारणांकडे व उपायांकडे. एकाच वस्तूचे असे अनेक पैलू धरून वर्गीकरण करण्याची पद्धति मद्रासचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनीं १९३३ सालीं आपल्या द्विबिंदु वर्गीकरणांत मांडली. ग्रंथालयासाठीं काढलेली ती युक्ति आज दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत सर्व पडद्यांमागें उपयोगांत आहे.

कोणी म्हणेल, आतां एवढ्या वर्गवारीची गरज काय? शोधाच्या चौकटींत शब्द लिहिला, अथवा यंत्राला तोंडानें विचारलें, कीं उत्तर मिळतें. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्याचें उत्तर अमरावतीशींच संबंध असलेल्या एका पुरुषाच्या कार्यांत सांपडतें. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ सालीं रायपूरचा. शालेय शिक्षण अमरावतीस झालें. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत पदवी घेऊन आल्यावर त्यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. शब्द ठाऊक असणाऱ्या वाचकासाठीं ६ ते २१ हे खंड वर्णानुक्रमानें आहेत. तेवढ्यावर केतकर थांबले नाहींत. आरंभीं ५ प्रस्तावनाखंड घालून त्यांनीं विषयांचें विस्तृत दर्शन घडविलें. २२ वा खंड सूचीला दिला. वर्णानुक्रम ही त्या काळची शोधाची चौकटच म्हणावी. तिचा उपयोग ज्याला नेमका शब्द माहीत आहे त्याला. जगांत कोणते विषय आहेत हेंच ज्याला ठाऊक नाहीं त्यानें कोणत्या अक्षरापासून आरंभ करावा? आठ-अ नांवाचा उतारा असतो हें ज्यानें कधीं ऐकलें नाहीं तो तो उतारा मागणार नाहीं. यंत्र कितीही हुशार असलें तरी न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्याची खात्री नाहीं. शोध हा माहीत असलेल्या वस्तूकडे नेतो. मांडणी ही काय काय आहे तें दाखविते. दोन्ही हवीं.

मांडणी योग्य आहे कीं नाहीं हें पारखण्याच्या रीति अगदीं साध्या आहेत. एकेका विषयाचें नांव एकेका चिठ्ठीवर लिहावें. चिठ्ठ्या ज्यांना ती माहिती लागणार आहे अशा लोकांच्या हातीं द्याव्या. ज्या एकत्र असाव्या असें त्यांना वाटेल त्यांचे ढीग करावयास सांगावें, आणि प्रत्येक ढिगाला नांवही त्यांनाच ठेवूं द्यावें. नंतर चित्रें व रंग न दाखवितां नुसती अनुक्रमणिका पुढें ठेवून विचारावें, ‘अमुक गोष्ट तुम्ही कोठें शोधाल?’ दहापांच माणसें एकाच ठिकाणीं चुकूं लागलीं तर चूक त्या माणसांची नसून अनुक्रमणिकेची आहे, असें समजावें. याला मोठा खर्च लागत नाहीं. लागतो तो नम्रपणा. कारण कचेरींतील विभागांचीं नांवें लोकांना माहीत असतात ही समजूत आधीं सोडावी लागते.

सुशिक्षित कुटुंबांना हें सांगण्याचें एक विशेष कारण आहे. मुलगा किंवा नात जवळ असल्यानें आपलीं कामें कशींतरी निभावून जातात. वडील मंडळी विजेचें देयक किंवा बँकेचें खातें मोबाईलवर उघडूं पाहतात, दोनचार ठिकाणीं अडतात, आणि ‘आमचें वय झालें’ म्हणून मोबाईल मुलाच्या हातीं देतात. ज्यानें मांडणी केली तो मात्र निर्दोष राहतो. खेड्यांतील ज्या मनुष्याजवळ असा मुलगा नाहीं तो पैसे देऊन दुसऱ्याकडून काम करून घेतो, किंवा हक्कावर पाणी सोडतो.

म्हणून एक छोटी गोष्ट प्रत्येक घरानें करून पाहावी. पुढच्या वेळीं घरांतील वडील माणूस पडद्यावर कांहीं शोधूं लागलें तर मोबाईल लगेच त्यांच्या हातांतून घेऊं नये. ते कोणत्या शब्दापाशीं थांबतात, कोणतें बटण दाबावें म्हणून घुटमळतात आणि कोठें परत फिरतात, हें शांतपणें पाहावें व टिपून घ्यावें. आणि तें टिपण त्या बँकेला, त्या कंपनीला किंवा त्या कचेरीला लिहून कळवावें. घर बांधणाऱ्याला जिना कोठें चढवत नाहीं हें त्या घरांत राहणाऱ्यानेंच सांगावयाचें असतें.