घरची मारहाण आणि कामाची जागा

आम्ही घाटकोपरहून बोलतोय. आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, नऊ जणी मिळून चालवतो. तुमच्या बचत गटांचीही पापडाची, मसाल्याची, शिवणाची कामं असतील आणि हाताखाली दोन-चार बायका असतील. म्हणजे तुम्हीही मालकीणच झालात. त्या नात्याने ऐका.

घरातल्या मारहाणीचा कामाशी काय संबंध, असं लोक विचारतात. बाई उशिरा येते. कणीक मळताना मनगट धरून थांबते. तव्यापुढे उभी असताना नवऱ्याचे दहा फोन येतात. पगाराच्या दिवशी तो दारात हजर. बरेच मालक म्हणतात, ‘घरची भांडणं घरी ठेव,’ आणि चार खाडे झाले की तिला काढून टाकतात. तिच्या हातात स्वतःचे म्हणून येणारे पैसे तेवढेच असतात. ते गेले की घर सोडायची वाटही बंद.

आम्ही काय करतो ते सांगतो. विचारायचं ते एकटीला गाठून, चारचौघींत नाही. ‘न्हाणीत पडले’ म्हणाली तर खोदून विचारायचं नाही. ‘काही लागलं तर आम्ही आहोत’ एवढंच सांगायचं. एकीने तब्बल पाच महिन्यांनी तोंड उघडलं. पगार तिच्या एकटीच्या नावच्या बँक खात्यात टाकायचा, नवऱ्याच्या हातात उचल द्यायची नाही. ती कामावर कधी येते, कधी सुटते, हे फोनवर कुणालाच सांगायचं नाही. आधार, रेशनकार्ड, मुलांचे दाखले यांच्या प्रती आणि एक साडी केंद्राच्या कपाटात ठेवायची मुभा आहे.

कोर्टाच्या तारखेला सुट्टी द्यायची, पण पगार कापायचा का? यावर आमच्यात चांगलीच खडाजंगी झाली. शेवटी ठरलं, कापायचा नाही, तिचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. न्यूझीलंडमध्ये 2019 पासून अशा बाईला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. फिलिपीन्समध्ये तर 2004 च्या कायद्यापासून. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण द्यायला मनाईही नाही!

एक मात्र आम्ही करत नाही. नवऱ्याला बोलावून समजूत घालत नाही. इथे तो मान डोलावतो आणि रात्री घरी त्याचा वचपा काढतो.

आता कायद्याचं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. त्याच्या कलम 18 खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला बाईच्या कामाच्या जागी पाय ठेवायला मनाई करू शकतात. तो हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा अशा हुकमाची प्रत कामाच्या जागी ठेवा. नवरा ठरलेला खर्च देत नसेल, तर कलम 20 प्रमाणे त्याच्या मालकाला पगारातला हिस्सा थेट बायकोला द्यायला कोर्ट सांगू शकतं. हे फार थोड्याजणींना माहीत असतं. आणि ‘आपण कळवलं तर आपल्यावरच केस होईल’ ही भीती सोडा. चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, असं कलम 4 सांगतं. तरी तिला विचारूनच कळवा, जीव तिचा आहे.

ऑफिसात तक्रार समिती असते, ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी. घरच्या मारहाणीसाठी तिकडे पाठवून तिचा वेळ घालवू नका.

आमच्या जवळ राजावाडी रुग्णालय आहे. तिथे ‘दिलासा’ केंद्र आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं हे काम पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही पोचलं. आमच्यातली एक जण सोबत जाते. मार लागला असेल तर आधी उपचार, आणि कागदावर नोंद करून घ्यायची. पुढे केसमध्ये तीच नोंद उपयोगी पडते. तुमच्याकडे तालुक्याच्या गावी महिला व बालविकास विभागात संरक्षण अधिकाऱ्याची चौकशी करा. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका, विधी सेवा प्राधिकरण बाईला मोफत वकील देतं, तिची कमाई कितीही असो.

फोनचे आकडे लिहून घ्या. महिला हेल्पलाइन 181, तातडीला 112. आमच्याकडे ते संडासाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवलेत. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला ते दिसत नाहीत.