धूळपाटीवरचे शिक्षण
मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे लिहायला पदवी लागत नाही, खरे नावही लागत नाही. नवखा सदस्य आधी ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानावर हात बसवतो, मग एखाद्या लेखात ओळ घालतो. ती कुणीतरी बदलतो, कुणी संदर्भ मागतो, चर्चापानावर वाद होतो. पुराव्याशिवाय विधान टिकत नाही, हे तो व्याख्यानातून नव्हे, तर स्वतःची ओळ खोडली गेल्यावर शिकतो. आणि हो, शुद्धलेखनही, बरेचदा नाइलाजाने! प्रत्येक संपादनाची नोंद लेखाच्या इतिहासात राहते. त्यामुळे टोपणनावाआडच्या माणसाचीही पत तयार होते, तीही निव्वळ कामावर.

आक्षेप असा, की कुणीही लिहू शकेल तिथे चुका होणारच. होतात, आणि नियमित संपादक थोडे असल्याने काही रेंगाळतातही. पण छापील कोशातली चूक पुढच्या आवृत्तीची वाट पाहते, इथे ती वाचकालाच दुरुस्त करता येते. टोपणनावाने बेजबाबदारपणा वाढतो, हेही अर्धेच खरे आहे, कारण टोपणनाव सोडले की कमावलेली पतही जाते. आपल्या गावाविषयीचा तोकडा लेख दिसला, तर हाताशी असलेल्या पुस्तकाचा संदर्भ देऊन त्यात एक ओळ जरूर भरा.