शिफारसपत्र कोणाला मागावे?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



आपल्या वेळी गुणपत्रिका, टी.सी. आणि चारित्र्याचा दाखला एवढ्यावर कॉलेजात प्रवेश मिळायचा. नीट, जेईई, सीईटी देणाऱ्यांचं आजही गुणांवरच ठरतं. पण आमगाव-देवरीकडची मुलंही आता परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरतात, आणि तिथे बहुधा शिक्षकांची दोन-तीन शिफारसपत्रं लागतात. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून तुमच्यापैकी अनेकांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला : "आमदारसाहेबांचं पत्र चालेल का रे?"

नाही चालत. शिफारस म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो, घोळ तिथेच आहे. तिकडे सही कोणाची हे दुय्यम असतं. हा मुलगा प्रश्न कसे विचारतो, अडला की काय करतो, हे जवळून पाहिलेला माणूस त्यांना हवा असतो.

कृष्णाजी अर्जुन केळूसकर आठवा. ते विल्सन हायस्कूलचे शिक्षक, आणि भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. म्हणजे त्यांच्या शाळेतलेसुद्धा नव्हेत! पण चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला होता, त्याला पुस्तकं दिली होती. 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा याच केळूसकरांनी त्याची गाठ सयाजीराव महाराजांशी घालून दिली आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. नंतर बाबासाहेब कोलंबियाहून लंडनला निघाले, तेव्हा प्रोफेसर सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. तेही त्यांना शिकवणारेच.

म्हणून मुलांना सांगा, मुख्याध्यापकांनी तुम्हाला फक्त बक्षीस समारंभात पाहिलं असेल तर त्यांच्याकडे जाऊ नका. सर्वांत जास्त मार्क देणारे सरही दर वेळी योग्य नसतात. ज्या विषयात धडपडलात, वही घेऊन पुन्हा पुन्हा स्टाफरूमच्या दारात उभे राहिलात, त्या मॅडमकडे जा. शक्यतो शेवटच्या दोन वर्षांतल्या. त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

आता अवघड गोष्ट. आपल्याकडची बरीच मुलं अकरावीला नाव इथे घालतात आणि क्लास नागपूरला करतात. कॉलेजात येतात ती प्रॅक्टिकलपुरती. दोन वर्षांनी पत्र मागायची वेळ आली की त्यांना ओळखणारा एकही शिक्षक नसतो. मग "तूच लिहून आण, मी सही करतो" असं होतं. गुरुजनांनी क्षमा करावी, पण असं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं. प्रत्येक पत्रात मुलगा हुशार, मेहनती आणि नम्रच असतो!

पालकांनी एवढं करावं : मुलाला निदान दोन महिने आधी शिक्षकांकडे पाठवा, फोनवर नको, प्रत्यक्ष. सोबत एका कागदावर कोर्स, तो का हवा, शेवटची तारीख आणि त्या वर्गात केलेलं एखादं काम लिहून द्या. सर "बघू" म्हणाले, तर आग्रह न धरता दुसऱ्यांना विचारा.

आणि सर, मॅडम, तुम्हाला एक विनंती. वर्षअखेरीस हजेरीपटाच्या मागच्या पानावर चार-पाच मुलांबद्दल दोन ओळी लिहून ठेवा. मागच्या बाकावरच्या एखाद्याबद्दलही.